तात, तार आणि खर्ज

देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा एक मोठा अधिकारी होता. घराणे मूळचे काश्मीरचे, काम राज्याच्या हिशेबाचे, आणि कीर्ती मात्र संगीतावरच्या ग्रंथाची. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध झालेल्या त्याच्या ‘संगीतरत्नाकरा’त वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार वर्ग येतात. तत म्हणजे ताणलेले. पण ताणायचे काय? वीणांची वर्णने करताना तातीचा आणि धातूच्या तारेचा, असा दोहोंचा विचार त्याने केला आहे. म्हणजे वाद्यावर काय चढवावे, हा प्रश्न आमच्या मराठवाड्याच्या मातीत पावणेआठशे वर्षे तरी मुरलेला आहे.

तात म्हणजे काय, हे आता सांगावे लागते. वर्गात मी हा शब्द उच्चारला, तेव्हा निम्म्या मुलांनी ‘वडील’ असा अर्थ सांगितला, आणि संस्कृतच्या गुरुजींना धन्यता वाटावी असेच ते उत्तर होते! पण ही तात निराळी. शेळ्यामेंढ्यांची आतडी धुऊन, खरवडून, पीळ देऊन वाळवली की जी चिवट दोरी तयार होते, ती तात. नांदेड-लातूरचा मुलूख कापसाचा. गादी भरायला पिंजारी दारात येई, तेव्हा त्याच्या धनुकलीला हीच तात असे. तिचा तो भरदार, घुमणारा ‘धुंईं’ ज्यांनी ऐकला आहे, त्यांना खर्जाची निराळी व्याख्या करून सांगण्याचे कारण नाही.

याच तातीचे देवघरातले नाते चौंडक्याशी. यल्लमाच्या जोगत्या-जोगतिणींचे हे वाद्य. पोकळ लाकडी नळकांडे, त्याचे एक तोंड कातड्याने मढवलेले, दुसरे उघडे. कातड्याच्या मध्यातून तात निघते आणि पोकळीतून बाहेर येते. नळकांडे काखेत दाबायचे, तातीचे टोक त्याच हाताने ओढून धरायचे आणि दुसऱ्या हातातल्या लाकडी तुकड्याने ती छेडायची. ओढ वाढली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. खुंटी नाही, पडदा नाही. सगळा सूर काय तो हाताच्या ओढीत! आमच्याकडे दक्षिणेला, कानडी मुलूख जवळ आला की हा आवाज ओळखीचा वाटतो. गाणारीच्या उंच स्वराखाली हा जाडाभरडा, हेलकावणारा सूर चालू असतो, आणि तो थांबला की गाणे पोरके वाटते.

माहूरला रेणुकेच्या गडाखाली गोंधळ्याच्या संबळाशेजारी, किंवा मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत वाघ्या-मुरळीच्या मेळ्यात मात्र तुणतुणे दिसेल. रचना चौंडक्याच्या जातीचीच. फरक इतकाच की, नळकांड्याला बाहेरून काठी जोडलेली, काठीला खुंटी, आणि तातीच्या जागी धातूची तार. तार एकदा लावली की तासन् तास सुरात राहते. तात पावसाळ्याच्या दमट हवेत उतरते आणि वैशाखात कोरडी पडून तुटते. जत्रेजत्रेला पायी हिंडणाऱ्या माणसाने तार पसंत केली, यात नवल नाही. शिवाय जुन्या तारेपेक्षा कितीतरी बळकट पोलादी तार एकोणिसाव्या शतकात निघू लागली. बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉलने 1854 साली तिच्या कृतीचे पेटंट घेतले. ती पियानोसाठी होती. पण तिच्याच घराण्यातली तार पुढे जगभर वाद्यांवर चढली.

मग खर्जालाही हीच पोलादी तार का चालू नये? उत्तर तंबोऱ्यात आहे. लातूरकराला तंबोरा हवा असेल, तर वाट मिरजेची. बार्शी लाइटची छोटी गाडी 1911 साली लातूरला पोचली आणि 1927 साली मिरजेपर्यंत गेली. वाटेत पंढरपूर लागे. तंबोऱ्याचे भोपळे त्याच भीमाकाठच्या मुलखातले. मिरजेत हा धंदा उभा केला तो हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी. तलवारींचे दिवस सरले, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांचे हात वाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही त्या हातांची थोरवी.

तंबोऱ्याच्या चार तारांपैकी मधली जोड पोलादाची. पण शेवटची, खर्जाची तार पितळेची. हा नुसता रिवाज नव्हे. लांबी आणि ताण तोच ठेवून एक सप्तक खाली यायचे, तर तार चौपट जड, म्हणजे दुप्पट जाड हवी. पण जाडी दुप्पट झाली की ताठरपणा सोळापट होतो, आणि ताठर तार गात नाही, खणखणते. पितळ पोलादाहून थोडे जड आणि वाकायला निम्म्याने मऊ. म्हणून जाड होऊनही ते गोड बोलते. खाली जव्हारीचे सूत सारले की त्यातून वरच्या स्वरांचा झरा फुटतो. या घोडीचे गूढ चंद्रशेखर रामन यांनी 1921 साली शास्त्रीय लेखात मांडले. मिरजेच्या कारागिराला ते कानाने आधीच उमगले होते.

युरोपने हाच पेच निराळ्या रीतीने सोडवला. सतराव्या शतकात तिकडे तातीवरच बारीक तार गुंडाळू लागले. वजन वाढले, पण गाभा लवचिक राहिला. लिओ फेंडरने 1951 साली बेस गिटार बाजारात आणली, तिच्या जाड तारा याच युक्तीच्या. त्यांतही निवड आहेच. चपटी पट्टी गुंडाळलेली तार बोटाला गुळगुळीत लागते आणि तिचा आवाज दबका, गोल येतो. गोल तार गुंडाळलेली खरखरीत लागते, पण तिचा सूर लखलखीत. लग्नाच्या वरातीपुढे किंवा ऑर्केस्ट्रात हे वाद्य आता आमच्या गावांतही दिसते. वाजवणाऱ्या पोरांना बहुधा लखलखीतच हवी असते. मला विचाराल तर लावणीच्या मागे दबकी अधिक शोभेल. ढोलकीच्या टाळेला वाव तरी मिळेल!

राहता राहिले चौंडके. पिंजाऱ्याचे काम यंत्राने घेतले, आणि तातीचे मोठे गिऱ्हाईक गेले. दुसऱ्या महायुद्धात पाश्चात्त्यांकडे तात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागली, तेव्हा गिटारवाले नायलॉनकडे वळले होते. आमच्याकडे युद्धावाचूनच तशी वेळ आली. पोलादी तार इथे चालायची नाही. बारीक तार हाताने ओढून धरायची म्हणजे बोट कापायचे, आणि आवाजही किरटा. नायलॉन त्यामानाने बरे. ते भिजत नाही, तुटतही नाही. पण ते घसरते. तात कशी हाताला धरून राहते, आणि त्या धरण्यावरच तर सगळा सूर. ज्या जोगतिणीला तात मिळत असेल, तिने नायलॉनकडे जाऊ नये, असे मला वाटते. पण दिवसभर दारोदार गाऊन पसाभर धान्य नेणाऱ्या बाईला ती मिळवून द्यायची कोणी? खाटीक आहे, आतडीही आहेत. पीळ देणारे हात तेवढे हवेत.