औद्योगिक धूर धुणारे स्क्रबर : कार्यपद्धती, मर्यादा आणि जयपूरपुढील पाण्याचा प्रश्न

जयपूर : कारखान्यांतील भट्ट्या, बॉयलर आणि रासायनिक प्रक्रियेची पात्रे यांतून निघणारा वायू हवेत सोडण्यापूर्वी द्रवाच्या किंवा अल्कधर्मी भुकटीच्या साहाय्याने स्वच्छ करणाऱ्या यंत्रणेला स्क्रबर असे म्हणतात. धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन क्लोराइड, अमोनिया यांसारखे घटक या यंत्रणेत अडवले जातात आणि उरलेला वायू चिमणीतून बाहेर पडतो.

मात्र स्क्रबरमध्ये प्रदूषक नाहीसा होत नाही. तो हवेतून निघून पाण्यात किंवा गाळात जातो. म्हणूनच यंत्रणा बसवली गेली की नाही, एवढ्याच प्रश्नाने तिचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. धुण्यासाठी पाणी कोठून येते आणि धुतल्यानंतर उरलेले पाणी व गाळ कोठे जातो, यावर तिचे खरे यश अवलंबून असते. जयपूरसारख्या पाण्याची चणचण असलेल्या शहरात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे.

कार्यपद्धती

स्क्रबरमध्ये दोन वेगवेगळ्या क्रिया घडतात. पहिली क्रिया कणांशी संबंधित आहे. वेगाने वाहणारा वायू पाण्याच्या थेंबाजवळ येताच थेंबाला वळसा घालून पुढे निघून जातो. परंतु त्यातील जड कणाला तेवढ्या चटकन वळता येत नाही. तो थेंबावर आदळतो आणि त्यात अडकतो. कण जितका मोठा, तितका तो सहज सापडतो. एक मायक्रॉनपेक्षा लहान कण वायूबरोबर वळून निसटतात. त्यांना पकडण्यासाठी अधिक ऊर्जा खर्च करावी लागते.

दुसरी क्रिया वायूरूप प्रदूषकांची आहे. हे घटक द्रवात विरघळतात आणि द्रवातील रसायनाशी त्यांचा संयोग होतो. आम्लधर्मी वायूंसाठी कॉस्टिक सोडा, चुना किंवा चुनखडी यांचे द्रावण वापरतात. अमोनिया अल्कधर्मी असल्याने तो धुण्यासाठी सौम्य आम्ल लागते. केवळ साधे पाणी फिरवत ठेवल्यास ते थोड्याच वेळात आम्लयुक्त होते आणि त्याची शोषणक्षमता मंदावते. त्यामुळे द्रवाचा सामू सतत मोजून रसायनाची मात्रा राखणे हा स्क्रबर चालवण्यातील कळीचा भाग ठरतो.

प्रमुख प्रकार

फवारा मनोरा हा सर्वांत साधा प्रकार आहे. त्यात वायू खालून वर जातो आणि वरून पाण्याचे फवारे पडतात. त्याची रचना सोपी व वीजखर्च कमी असतो. मात्र सूक्ष्म कणांसाठी तो पुरेसा नाही.

व्हेंचुरी स्क्रबरमध्ये वायू एका अरुंद गळ्यातून अतिशय वेगाने नेला जातो. त्या वेगाने पाण्याचे बारीक तुषार होतात आणि लहान कणही त्यांत सापडतात. चिकट, ओल्या किंवा ठिणग्यांसह येणाऱ्या धुरासाठी हा प्रकार उपयुक्त आहे. पण वायू अरुंद गळ्यातून ओढण्यासाठी मोठा पंखा लागतो व वीजबिल वाढते.

भरण मनोऱ्यात प्लास्टिकचे किंवा सिरॅमिकचे छोटे तुकडे रचलेले असतात. त्यांच्यावरून द्रवाचा पातळ थर वाहतो आणि वायूला त्याच्याशी भरपूर संपर्क मिळतो. रसायन व औषधनिर्मिती कारखान्यांत आम्लाच्या वाफांसाठी हाच प्रकार अधिक आढळतो. धुरात धूळ असल्यास मात्र हे भरण लवकर तुंबते.

कोरड्या आणि अर्धकोरड्या स्क्रबरमध्ये वायूच्या प्रवाहात चुना किंवा सोडियम बायकार्बोनेटची भुकटी, अथवा पाण्यात कालवलेल्या चुन्याचे सूक्ष्म तुषार सोडले जातात. प्रक्रियेनंतर तयार होणारा कोरडा क्षार पुढे कापडी पिशव्यांच्या गाळणीत अडवला जातो. यात पाणी कमी किंवा अजिबात लागत नाही आणि सांडपाणी निर्माण होत नाही. मात्र शोषकाचा खर्च अधिक असतो.

चुनखडीचा हिशेब

कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांत वापरल्या जाणाऱ्या मोठ्या स्क्रबरला फ्ल्यू गॅस डिसल्फरायझेशन, संक्षेपाने एफजीडी, असे म्हणतात. त्याच्या सर्वाधिक प्रचलित पद्धतीत चुनखडीची पूड पाण्यात कालवून तिचा वायूवर मारा केला जातो. सल्फर डायऑक्साइडचा चुनखडीशी संयोग होऊन, हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने, शेवटी जिप्सम तयार होते. उत्तम रीतीने चालवलेली अशी यंत्रणा वायूतील ९० टक्क्यांहून अधिक सल्फर डायऑक्साइड काढून टाकते.

रसायनशास्त्राच्या हिशेबाने एक टन सल्फर डायऑक्साइड अडवण्यासाठी सुमारे १.५६ टन शुद्ध चुनखडी लागते. त्यातून सुमारे २.७ टन जिप्सम आणि जवळपास ०.७ टन कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. म्हणजेच अडवलेल्या प्रदूषकाच्या जवळपास पावणेतीनपट वजनाचा घन पदार्थ हाताळावा लागतो. तो शुद्ध असेल तर सिमेंट आणि फलक उद्योगात त्याला मागणी असते. अशुद्ध असेल तर त्याचा ढीग साचतो. राजस्थानात चुनखडी आणि नैसर्गिक जिप्सम या दोन्हींचे मोठे साठे असल्याने या हिशेबाच्या दोन्ही टोकांशी राज्याचा संबंध येतो.

डहाणूचा अनुभव

या तंत्रज्ञानाचा महाराष्ट्रातील सर्वांत बोलका अनुभव डहाणूचा आहे. चिकूच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेला हा किनारी तालुका केंद्र सरकारने जून १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. त्याच तालुक्यात ५०० मेगावॉट क्षमतेचे कोळशावरील वीजकेंद्र १९९५ मध्ये सुरू झाले. बागायतदार आणि पर्यावरणवादी यांनी त्यापूर्वीच या प्रकल्पाला न्यायालयात आव्हान दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये प्रकल्पाला अनुमती कायम ठेवली. तथापि एफजीडी बसवण्याची अट परिणामांचा पूर्ण विचार केल्याशिवाय शिथिल करू नये, असे स्पष्ट केले.

अट असूनही यंत्रणा उभी राहिली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. प्राधिकरणाने १९९९ मध्ये यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला आणि पुढे २००५ मध्ये ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागितली. अखेर २००७ मध्ये एफजीडी कार्यान्वित झाले. वीजकेंद्र सुरू झाल्यापासून तोवर बारा वर्षे लोटली होती.

डहाणूत चुनखडीऐवजी समुद्राचे पाणी वापरले जाते. समुद्राच्या पाण्यात नैसर्गिकरीत्या असलेले बायकार्बोनेट सल्फर डायऑक्साइडचे उदासीनीकरण करते. त्यानंतर पाण्यात हवा सोडून त्याचे सल्फेटमध्ये रूपांतर केले जाते आणि ते पाणी समुद्रात परत जाते. सल्फेट हा सागरी पाण्याचा मूळचाच घटक आहे. मुंबईत तुर्भे येथील वीजकेंद्रातही समुद्राच्या पाण्यावर चालणारी अशी यंत्रणा वापरली गेली आहे. किनाऱ्यावरील केंद्रांना उपलब्ध असलेला हा मार्ग राजस्थानसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या प्रदेशाला मात्र खुला नाही.

जयपूरपुढील प्रश्न

जयपूर हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात समाविष्ट शहर आहे. राजस्थानातील अलवर, जोधपूर, कोटा आणि उदयपूर यांचाही हवेची मानके न गाठणाऱ्या शहरांत समावेश झाला. जयपूरमध्ये विश्वकर्मा, झोटवाडा आणि सीतापुरा या औद्योगिक वसाहती आहेत, तर सांगानेर कापडावरील रंगकाम व छपाईसाठी ओळखले जाते. येथील बहुसंख्य उद्योग लहान व मध्यम आहेत. त्यांच्या बॉयलर आणि भट्ट्यांसाठी महाकाय एफजीडीची आवश्यकता नसते; प्रश्न असतो तो लहान स्क्रबरचा, त्याच्या पाण्याचा आणि त्याला लागणाऱ्या दैनंदिन देखभालीचा.

जयपूरची तहान मुख्यतः टोंक जिल्ह्यातील बनास नदीवरच्या बिसलपूर धरणातून भागते. जिल्ह्यात भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा अधिक आहे. गरम धुराच्या संपर्कात येताच ओल्या स्क्रबरमधील पाण्याचा काही भाग वाफ होऊन उडून जातो आणि तेवढे पाणी रोज नव्याने भरावे लागते. उरलेल्या पाण्यात क्षार साठत जातात, त्यामुळे त्याचा काही हिस्सा वेळोवेळी बाहेर काढावा लागतो. हे पाणी प्रक्रिया न करता नाल्यात सोडले गेल्यास हवेतील प्रदूषण जमिनीत उतरते. रंग-छपाई उद्योगाच्या सांडपाण्यामुळे द्रव्यवती नदीला याआधीच मोठी किंमत मोजावी लागली आहे.

म्हणूनच अशा ठिकाणी पर्यायांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम इंधन बदलून प्रदूषक निर्माणच कमी करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये राजस्थान, हरियाणा आणि उत्तर प्रदेशात पेट कोक व फर्नेस ऑइलच्या वापरावर बंदी घातली, ती याच दिशेची होती. सिमेंट व चुनाभट्ट्यांना नंतर पेट कोकची सवलत मिळाली, कारण तेथे इंधनातील गंधक भट्टीतील चुनखडीतच शोषले जाते. कोरडी धूळ अडवण्यासाठी कापडी गाळणी किंवा कोरडा स्क्रबर पुरेसा असेल, तर पाण्याची बचत होते. चिकट धूर किंवा आम्लाच्या वाफा असतील तर ओला स्क्रबर अपरिहार्य ठरतो. मात्र तेथे पाण्याचा पुनर्वापर आणि गाळाची विल्हेवाट यांची व्यवस्था यंत्रणेबरोबरच उभी राहणे आवश्यक असते.

नियम आणि अंमलबजावणी

वायू (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ अन्वये उद्योगांना राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. चिमणीतून किती प्रदूषक सोडता येईल, हे संमतीपत्रातील अटींत नमूद असते. कोळशावरील वीजकेंद्रांसाठी केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये सल्फर डायऑक्साइडची मर्यादा प्रथमच निश्चित केली. त्यानंतर मुदती वारंवार वाढत गेल्या. जुलै २०२५ मधील अधिसूचनेने राष्ट्रीय राजधानी क्षेत्र आणि दहा लाखांहून अधिक लोकसंख्येची शहरे यांच्या दहा किलोमीटर परिघातील केंद्रांसाठी २०२७ अखेरची मुदत ठेवली. अतिप्रदूषित क्षेत्रे व मानके न गाठणारी शहरे यांच्या परिघातील केंद्रांबाबत प्रकरणनिहाय निर्णय घ्यायचा आहे, तर उर्वरित बहुसंख्य केंद्रांना चिमणीच्या उंचीच्या अटीवर या मर्यादेतून सूट मिळाली.

भारतीय कोळशात गंधकाचे प्रमाण कमी असून यंत्रणेचा खर्च मोठा आहे, असा सवलतीमागील युक्तिवाद आहे. सल्फर डायऑक्साइड हवेत दूरवर वाहून जातो आणि त्याचे सल्फेटच्या सूक्ष्म कणांत रूपांतर होते, त्यामुळे दहा किलोमीटरची रेषा अपुरी आहे, असा आक्षेप घेतला जातो.

स्क्रबरची परीक्षा बसवण्याच्या दिवशी होत नाही. फवाऱ्यांची तोंडे क्षारांनी बुजतात, पंप थकतात, थेंब अडवणारी जाळी तुंबते, रसायन संपते. वीज वाचवण्यासाठी पंखा बंदही ठेवला जातो. अशा वेळी यंत्रणा जागेवर उभी असते, पण धूर न धुताच बाहेर पडतो. द्रवाचा सामू, पाण्याचा प्रवाह, वायूदाबातील फरक आणि रसायनाचा खप यांची रोजची नोंद हाच यंत्रणा चालू असल्याचा विश्वसनीय पुरावा असतो. त्या नोंदी तपासणाऱ्या चोख देखरेखीशिवाय कायद्यातील अट कागदावरच राहू शकते, हे डहाणूच्या बारा वर्षांनी दाखवून दिले आहे.