आत्याच्या चपला आणि ‘लिबर्टी’

१९९४ सालची गोष्ट. ‘हम आपके हैं कौन’ लागला होता आणि गावाहून आलेल्या माझ्या आत्याला तो ‘लिबर्टी’तच पाहायचा होता. गिरगावातून आम्ही चालतच निघालो. बॉम्बे हॉस्पिटलजवळचं ते थिएटर आलं, तशी आत्या दाराशी थबकली आणि वाकून चपला काढू लागली. मी म्हटलं, ‘‘अगं आत्या, हे देऊळ नव्हे!’’ ती म्हणाली, ‘‘लादी बघ की रे, आरशासारखी. मळेल ना!’’ मी हसलो. पुढे या वास्तूची कुळकथा कळली, तेव्हा त्या हसण्याची लाज वाटली.

कारण श्रोतेहो, ‘लिबर्टी’ बांधलंच होतं आत्यासारख्यांसाठी. दक्षिण मुंबईत १९३३ साली ‘रीगल’ झालं, १९३८ साली ‘इरॉस’ आणि ‘मेट्रो’. थाट मोठा, पण पडद्यावर बहुतेक इंग्रजी बोलपट. हिंदी चित्रपट पाहायचा, तर लोक लॅमिंग्टन रोडकडे वळत. हबीब हुसेन यांनी ठरवलं, असाच एक महाल हिंदी चित्रपटासाठी बांधायचा. काम स्वातंत्र्याच्या वर्षातलं, म्हणून नावही ‘लिबर्टी’. आराखडा रिडले ॲबट यांचा. इमारत पुरी होण्याआधीच ते विमान अपघातात गेले. उरलेलं काम जे. बी. फर्नांडिस यांनी तडीस नेलं. २१ मार्च १९४९ रोजी मेहबूब खान यांच्या ‘अंदाज’ने पडदा उघडला.

बाहेरून पाहाल तर उभ्या अक्षरांतलं नाव तेवढं डोळ्यांत भरतं. खरी श्रीमंती आत. सुमारे बाराशे खुर्च्या, भिंतींना सागवान, पडद्याच्या दोन्ही अंगांना गोठलेल्या कारंज्यांसारखी नक्षी आणि पायरी-पायरीने पुढे उतरत जाणारं छत. त्या पायऱ्यांच्या आड दिवे लपवलेले; उजेड दिसतो, दिवा दिसत नाही. ‘आर्ट डेको’ शैलीचे जाणकार यावर तासभर बोलतील. मला एवढंच वाटतं, की ही कारागिरी सामान्य तिकिटवाल्याला पाहुणा समजून केलेली आहे.

‘मदर इंडिया’ १९५७ साली इथेच लागला. ‘हम आपके हैं कौन’ तर शंभराहून अधिक आठवडे चालला. पुढे मल्टिप्लेक्स आले, गर्दी पांगली आणि रोजचे खेळ थांबले. मग चित्रपट महोत्सव आणि समारंभांसाठी दारं उघडू लागली.

त्या दिवशी आत्याने चपला शेवटी पायात ठेवल्या, पण पावलं जपूनच टाकली. मध्यंतरात मी वडे घेऊन आलो, तर ती मान वर करून छताकडे बघत बसलेली.

‘‘दिवे कुठं आहेत रे?’’ तिने विचारलं.