पैशाचा पत्ता

नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात जमेच्या बाजूला 'विकास शुल्क' अशी एक ओळ असते. तिच्यापुढे गेल्या वर्षीची प्रत्यक्ष जमा, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. ही रक्कम कोणत्या पेठेतून, कोणत्या गट नंबरावरून आली, याचा रकाना नसतो. सातारा आणि सांगली या दोन गावांसंबंधीची कागदपत्रे, गॅझेटिअर आणि कायद्यांची पुस्तके मी बरीच वर्षे मिळतील तिथे वाचत आलो आहे. मी वकील नाही, नगररचनाकारही नाही. पण या नसलेल्या रकान्याने मला असलेल्या सगळ्या रकान्यांपेक्षा जास्त कोड्यात टाकले, कारण आपल्याच कायद्यात एके काळी तो होता.

१९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याची रीत अशी होती. एखादे शिवार योजनेखाली घ्यायचे, वेड्यावाकड्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यातून रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या आणि उरलेले नीटस भूखंड मूळ मालकांना परत द्यायचे. रस्ता झाला की जमिनीचा भाव वाढतो. त्या वाढीच्या निम्म्यापर्यंत रक्कम मालकाने द्यायची आणि ती त्याच योजनेच्या खर्चाला जायची. वांद्रे, सांताक्रूझ, पुण्याचे भांबुर्डा म्हणजे आजचे शिवाजीनगर, हे भाग असे घडले. पैशाला पत्ता होता. ज्याच्या दारातून रस्ता गेला त्याने दिले आणि ते त्याच्याच दारात लागले. ही तरतूद १९५४ च्या कायद्यात राहिली, १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमातही आहे. मात्र एकेका योजनेचे लवाद वर्षानुवर्षे चालत आणि महाराष्ट्राने हा मार्ग जवळजवळ सोडून दिला. गुजरातने सोडला नाही. अहमदाबादचा मोठा भाग अशाच योजनांनी वाढला.

आपल्याकडच्या दोन गावांची पूर्वपीठिका मात्र वेगळी. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले आणि १८५३ मध्ये तिथे नगरपालिका आली. सांगली १९४८ पर्यंत पटवर्धनांची राजधानी, म्हणजे मुंबई इलाख्याचा कायदा तिथे थेट लागू नव्हता. गावात काय बांधायचे ते दरबार ठरवी. पुढे दोन्हीकडे पालिकेचा मोठा आधार झाला तो जकातीचा. जकात नाक्यावर जमायची. गुळाच्या ढेपेवरचा पैसा मंगळवार पेठेचा की सदर बझारचा, हे कोण सांगणार? त्यामुळे एका पेटीत सगळे टाकायचे आणि सभागृहात ज्याचा आवाज मोठा त्याने आपल्या वॉर्डाकडे ओढायचे, ही सवय लागली. मला ही सवय पुढच्या साऱ्या गोष्टीची किल्ली वाटते.

१० ऑगस्ट १९९२ पासून १९६६ च्या अधिनियमात नवे प्रकरण लागू झाले आणि विकास शुल्क आले. जमीन विकसित करणाऱ्याने, इमारत बांधणाऱ्याने परवानगी घेतानाच ते भरायचे. लवाद नाही, भाववाढीचा हिशेब नाही, वसुली सोपी. पुढे ते रेडीरेकनरच्या दराशी जोडले गेले. रक्कम वेगळ्या शीर्षाखाली ठेवावी, सार्वजनिक सोयींवर आणि प्राधिकरणाच्या क्षेत्राच्या सुधारणेवर खर्च करावी, असे कायदा सांगतो. 'प्राधिकरणाचे क्षेत्र' म्हणजे अख्खे शहर. १९१५ चा पत्ता इथे पुसला गेला. रकमेचे नाव नवे, पण ती पडली जकातीच्या जुन्याच पेटीत.

गंमत म्हणजे पुढच्या दहा महिन्यांच्या आत, १ जून १९९३ रोजी, ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ३ लाखांवरच्या शहरांना प्रभाग समित्या बंधनकारक झाल्या. पैसा आणि समिती एकाच वर्षात जन्मले, पण दोघांची गाठ कुणी घालून दिली नाही. महिला व बालकल्याण, दिव्यांग यांच्यासाठी अंदाजपत्रकात ठरावीक टक्के राखून ठेवायला आपल्याला जमते. शुल्क जिथून आले त्या वस्तीसाठी असे टक्के नाहीत.

याचा चटका सर्वांत जास्त कुठे बसतो, तर सांगलीच्या गुंठेवारीत. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतीचे छोटे तुकडे विकायला बंदी. १९७६ च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्यात सांगली-मिरजेचा परिसर आलेला. जादा जमीन सरकारजमा होण्याची भीती मालकाला, रीतसर प्लॉट न परवडणारा गिऱ्हाईक दारात. मग स्टँपवर दोन गुंठे, तीन गुंठे, असे व्यवहार झाले. शामरावनगर हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. काळी माती, सखल जागा, गटार नाही; पावसाळ्यात पाणी साचते ते हलत नाही. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. पण या वस्तीला महापुराची वाट पाहावी लागत नाही, जुलैतला साधा पाऊस पुरतो.

२००१ चा गुंठेवारी कायदा या घरांसाठी आला. त्याच्या नावातच तीन गोष्टी आहेत: नियमाधीन करणे, श्रेणीवाढ आणि नियंत्रण. रहिवाशाने तडजोड शुल्क आणि विकास शुल्क भरायचे, मग त्याचा भूखंड नियमित होणार. आधी मुदत १ जानेवारी २००१ पूर्वीच्या भूखंडांपुरती होती, २०२१ च्या दुरुस्तीने ती २०२० अखेरपर्यंत वाढली. तीनपैकी पहिली गोष्ट पावती फाडून होते. 'श्रेणीवाढ' म्हणजे रस्ता, पाणी, गटार, दिवा; तिला कंत्राटदार लागतो. तिथल्या माणसाचा प्रश्न अगदी वाण्याच्या वहीतला आहे: मी इतके भरले, माझ्या गल्लीच्या नावावर किती लागले? १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली, तेव्हापासून हाच प्रश्न तीन शहरांमध्येही विचारला जातो आहे. २०११ च्या जनगणनेत या महापालिकेची लोकसंख्या ५ लाख २ हजारांच्या घरात होती.

साताऱ्यात प्रश्न उलट्या बाजूने येतो. जुन्या पेठा भरलेल्या. नवी बांधकामे कडेला, शाहूपुरी, विलासपूर, दरे खुर्द अशा भागांत. २०२० मध्ये हद्दवाढ होईपर्यंत तिथे ग्रामपंचायती होत्या. गावठाणाबाहेरची बांधकाम परवानगी जिल्हाधिकारी कार्यालयाकडची, ग्रामपंचायतीच्या हाती मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी. आता कडेची बांधकामे शुल्क भरणार, तर ते कडेलाच लागावे का? पेठेतला माणूस म्हणेल, कासचे पाणी, मंडई, नाट्यगृह हे आमच्या आजोबांच्या जकातीतून उभे राहिले, तुम्ही तयार ताटावर आलात. त्याचे खोटे नाही. सगळा पैसा जिथला तिथेच ठेवला तर ज्या गल्लीत नवी इमारतच होत नाही तिचे गटार कधीच दुरुस्त होणार नाही, आणि अशा गल्लीत बहुधा गरीबच राहतात. म्हणून १९१५ कडे जसेच्या तसे परत जावे, असे मी म्हणणार नाही.

इंग्लंडने २०१० मध्ये असेच एक शुल्क सुरू केले. २०१३ पासून त्यातला १५ टक्के वाटा जिथे बांधकाम झाले तिथल्या पॅरिशला, म्हणजे साधारण आपल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेला जातो; वस्तीने स्वतःचा विकास आराखडा मंजूर करून घेतला असेल तर २५ टक्के. उरलेला शहराच्या सामाईक पेटीत. मला यातला टक्क्यापेक्षा हिशेब महत्त्वाचा वाटतो. १५ टक्के द्यायचे तर आधी १०० कुठून आले ते लिहावे लागते.

आपल्याकडे ते लिहिलेले नसते असे नाही. बांधकाम परवानगीच्या प्रत्येक फायलीत सर्व्हे नंबर असतो, चलन असते, तारीख असते. आता तर परवानगीचा अर्जच संगणकावर भरतात. नगररचना विभागाच्या टेबलावर रकमेला पत्ता असतो आणि लेखा विभागाच्या टेबलावर पोहोचेपर्यंत तो गळून पडतो. हे अंतर बहुतेक ठिकाणी एका जिन्याचे असते.