बर्फावरचं ऊन, दगडावरचं ऊन

गोव्यात वाढलेल्या माणसाला बर्फ ठाऊक असतो तो मासळीबाजारातला. इसवण नि बांगड्यांवर पसरलेला, दुपारपर्यंत पाणी होऊन गटारात जाणारा. हिमालयातला बर्फ आपण पाहतो तो कॅलेंडरवर. त्या चित्रांत एक गोष्ट मला नेहमी चकवायची. सगळं पांढरंच असताना वाऱ्यानं उठवलेली प्रत्येक लाट, पावलाचा प्रत्येक ठसा, दाण्याचा खरबरीतपणा इतका स्पष्ट कसा काय दिसतो?

उत्तर सोपं आहे. ती चित्रं हिवाळ्यात, सकाळच्या तिरप्या उन्हात घेतलेली असतात. मात्र या उत्तराचा खरा अर्थ मला कळला तो जिथं बर्फ पडत नाही अशा मुलखाचा इतिहास वाचताना. कर्नाटकाच्या बिदर जिल्ह्यात, बसवकल्याण तालुक्यात, कलबुर्गीच्या सीमेकडचं मंठाळ हे गाव आणि त्याच्या आजूबाजूचा तो मराठी-कानडी मुलूख. बर्फाचा आणि मंठाळचा काय संबंध, असं कुणी विचारील. तेच सांगायचं आहे.

आधी बर्फाचं पाहू. नुकता पडलेला बर्फ अंगावर आलेल्या उजेडापैकी ऐंशी ते नव्वद टक्के उजेड परत फेकतो. त्याला स्वतःचा रंग नाही, डाग नाही. त्याचं रूप दिसतं ते फक्त सावलीमुळं. सूर्य क्षितिजापासून दहा अंश वर असेल, तर एक मिलिमीटर उंचवट्याची सावली जवळजवळ पावणेसहा मिलिमीटर पडते. तोच सूर्य थेट डोक्यावर आला की सावली शून्य, आणि बर्फ म्हणजे कोरा कागद. शिवाय उन्हातला भाग किंचित पिवळसर आणि सावलीतला निळसर दिसतो, कारण सावलीला उजेड मिळतो तो आभाळाचा. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक हे सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून चालतो. म्हणून बर्फ टिपणारे त्याला न जुमानता एक-दोन पायऱ्या जास्त उजेड आत घेतात.

ही विद्या सहज आलेली नाही. सॅम्युअल बोर्न यानं १८६३ ते १८६६ या काळात हिमालयाच्या तीन सफरी केल्या. १८६६ साली स्पितीकडच्या मणिरंग खिंडीत, सुमारे १८,६०० फुटांवर, त्यानं काचेच्या पट्ट्यांवर चित्रं घेतली. तेव्हाची रीत ओल्या कलोडियनची. काचेवर रसायन ओतायचं, ओलं असतानाच चित्र घ्यायचं आणि लगेच धुवायचं. हे सारं गोठवणाऱ्या थंडीत, तंबूच्या अंधारात, ओझेवाल्यांची रांग बाहेर उभी असताना. त्या रसायनाला निळा उजेड फार लवकर लागे, त्यामुळं आभाळ आणि बर्फ दोन्ही सपाट पांढरे होऊन बसत. पुढं सुक्या पट्ट्या आल्या. १८९९ साली डग्लस फ्रेशफील्डच्या तुकडीबरोबर कांचनजंगेची प्रदक्षिणा करणाऱ्या वित्तोरियो सेल्ला या इटालियनाच्या चित्रांत बर्फाची त्वचा दिसू लागली. कड्याची धार, हिमनदीच्या भेगा, वाऱ्याच्या रेघा. त्यांत कॅमेरा जितका महत्त्वाचा, तितकाच उन्हाचा कोन.

आता मंठाळला येऊ. मार्गशीर्ष-पौषात या पठारावर पहाटेची थंडी कधी कधी दहा अंशांच्या आसपास उतरते. आपल्या पणजी-मडगावच्या थंडीला तिकडं कुणी थंडी म्हणणार नाही. हरभऱ्याच्या पानांवर पहाटे आंबट दंव जमतं. शेतकरी रात्री पिकावर फडकं अंथरून सकाळी ते पिळतात. त्यालाच आंब म्हणतात, पोटदुखीवर देतात. इथला बर्फ म्हणायचा तर तो एवढाच. पण हिवाळ्याच्या सकाळचं तिरपं ऊन मात्र तेच, सेल्लाच्या चित्रांतलं. आणि ते पडतं दगडावर.

हा दगड साधा नाही. बसवकल्याण म्हणजे चालुक्यांचं कल्याण. अकराव्या शतकाच्या मध्यास पहिल्या सोमेश्वरानं मान्यखेटाहून, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेडहून, राजधानी इथं आणली. सहावा विक्रमादित्य इथून १०७६ ते ११२६ अशी पन्नास वर्षं राज्य करत होता. आपला त्याच्याशी सोयरेपणा आहे. गोव्याच्या कदंबांपैकी दुसऱ्या जयकेशीची राणी मैलळदेवी ही याच विक्रमादित्याची लेक. हे आपल्याला कुणी सांगितलं? शिलालेखांनी. कल्याणचं वैभव आज उभं नाही. जे उरलं आहे ते गावोगावच्या देवळांच्या भिंतींवर, खांबांवर आणि वीरगळांवर कोरलेलं आहे.

आणि नऊशे वर्षं ऊन-पाऊस खाल्लेला शिलालेख हा बर्फासारखाच असतो. दगडही काळा, अक्षराची खाचही काळी. समोरून ऊन आलं की पाटी कोरी.

इथं थोडं भूगोलाचं गणित आहे, आणि मला ते फार आवडतं. या अक्षांशावर, म्हणजे अठरा अंशांच्या जवळ, डिसेंबरात सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही. तो जवळजवळ पंचवीस अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो. त्यामुळं देवळाच्या दक्षिण भिंतीला सकाळचं कोवळं ऊन बाजूनं घासून जातं. दिवस चढतो तसा सूर्य आणखी दक्षिणेकडे वळतो, ऊन समोरून यायला लागतं आणि अक्षरं पुसट होतात. जूनमध्ये तर सूर्य दिवसभर उत्तरेलाच राहतो, दक्षिण भिंतीला ऊनच लागत नाही. म्हणजे एखादा लेख उघड्यावरच्या दक्षिण भिंतीवर असेल, तर तो वर्षातल्या ठरावीक महिन्यांत, ठरावीक घटकेलाच नीट बोलतो. जमिनीवर आडव्या पडलेल्या शिळेचं गणित बर्फाचंच. तिला भर दुपार वैरीण.

या मुलखातले लेख जमवणाऱ्यांना हे सारं सोसावं लागलं. वॉल्टर एलियट यानं कानडी लेखांच्या शेकडो हातनकला करवून घेतल्या आणि त्यांवरून चालुक्यांचा इतिहास जुळवून १८३७ साली छापला. १८५५ पासून मुंबई सरकारच्या वतीनं बिग्ज आणि त्याच्या मागून डॉ. पिगू यांनी कॅमेरा घेऊन विजापूर-धारवाडचा भाग पालथा घातला. त्यांनी घेतलेल्या शिलालेखांच्या चित्रांचा संग्रह होप यानं १८६६ साली काढला, आणि फ्लीटच्या १८७८ च्या ग्रंथाला त्याचा आधार झाला. तरीही नुसत्या चित्रावर अभ्यासकांची भिस्त राहिली नाही. ओला कागद दगडावर बसवून, ब्रशानं ठोकून, वर शाईची पुरचुंडी फिरवून ठसा घेण्याची रीत रुळली. ठशात अक्षर पांढरं आणि जमीन काळी येते. तिथं उन्हाची वाट पाहावी लागत नाही.

याच काळात मुंबईत एका घरात दोन्ही विद्या नांदत होत्या, आणि ते घर आपलं होतं. पेडणे महालात जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड अजिंठ्यासारख्या ठिकाणचे जुने लेख वाचत होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे मुंबईतल्या अगदी पहिल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी होते. एक भाऊ अक्षर वाचणारा, दुसरा उजेड धरणारा. गोव्यानं या जोडीची आठवण आणखी ठेवायला हवी.

वाचून काय मिळतं ते दोन उदाहरणांवरून दिसेल. बसवकल्याणच्या शेजारच्या हुमनाबाद तालुक्यात जलसंगवीच्या शिवमंदिरावर एक सुंदरी कोरली आहे. ती स्वतःच लेख लिहिते आहे, आणि लिहिते आहे ते सहाव्या विक्रमादित्याचं कौतुक. तिच्या हाताखालची अक्षरं झिजली, तर उरेल ती नुसती एक देखणी बाई. दुसरं, कलबुर्गी जिल्ह्यातलं नागाई. तिथल्या १०५८ च्या लेखातून कळतं की त्या गावी मोठी पाठशाळा होती, आणि तिथं सरस्वतीभांडारी, म्हणजे आजच्या भाषेत ग्रंथपाल, नेमलेले होते. ग्रंथ गेले, शाळा गेली. ग्रंथपाल होते एवढं दगडानं राखलं.

ते किती दिवस राखेल, हा खरा प्रश्न आहे. बर्फ दुपारी वितळतो, दगड शतकांनी. पण माणसाचा हात लागला की दगडही घाई करतो. भक्तीनं फासलेला ऑइलपेंट, दर सणाला दिलेला चुन्याचा हात, तेल-शेंदराची पुटं, आणि "स्वच्छ" करायला घासलेली तारेची घासणी. चुन्याखालची अक्षरं तरी तिरप्या उन्हात उमटतात, बर्फाखालच्या पाऊलवाटेसारखी. घासणीनं गेलेली अक्षरं कुठल्याच उन्हात परत येत नाहीत.

म्हणून सांगतो. बसवकल्याण, हुमनाबाद, कलबुर्गीकडे जाणं झालं तर हिवाळ्यात जा आणि पहाटे उठा. सूर्य उगवल्यापासून दहा अंश वर यायला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ पुरतो. हातातला फोनही चालेल. फक्त बर्फाच्या उलट करा, काळ्या दगडाला थोडा उजेड कमी घ्या. एकाच बाजूच्या उन्हात जुन्या कानडी लिपीच्या गोलाईचा अर्धाच काठ सावली धरतो. तेव्हा दगड उघड्यावर उभा असेल तर एक चित्र सकाळी घ्या, एक संध्याकाळी. आजची यंत्रं वेगळं काही करत नाहीत. २००१ साली पुढं आलेल्या एका पद्धतीत दिवा दगडाभोवती फिरवत अनेक चित्रं घेतात आणि संगणकावर हवं तिकडून ऊन पाडतात. कल्पना जुनीच, सूर्य तेवढा आपल्या हातचा.

मंठाळपासून पश्चिमेला, सोलापूर जिल्ह्यात, भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या संगमेश्वराच्या देवळातल्या एका तुळईवर शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा, मराठी लेख आहे. सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणेपर्यंत शेकडो वर्षं लोक त्याच्याखालून ये-जा करत होते. त्या लेखात, जो हे वाचील त्याचा विजय होवो, अशा अर्थाचा आशीर्वाद आहे. कोरणाऱ्यानं वाचणाऱ्याची आठवण ठेवली होती. आता पाळी आपली.