कोणते पिंपळगाव? : फसव्या शोधनिकालांच्या अभ्यासाची प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव एक नाही. पिंपळगाव राजा खामगाव तालुक्यात, पिंपळगाव काळे जळगाव जामोद तालुक्यात, पिंपळगाव देवी मोताळ्यात आणि पिंपळगाव सराई बुलढाणा तालुक्यात. म्हणून एसटी स्थानकावर कुणी नुसते 'पिंपळगावची गाडी किती वाजता?' असे विचारले, की उत्तराआधी उलट प्रश्न येतो : 'कोणते पिंपळगाव?' असे विचारणाऱ्याला कुणी संशयी म्हणत नाही. नाव सारखे असले तरी ठिकाण तेच असेल असे नाही, हे इथल्या माणसाला लहानपणापासून ठाऊक असते. इंटरनेटवरील स्पॅम आणि फसवे शोधनिकाल यांचा अभ्यास म्हणजे हाच प्रश्न शिस्तीने विचारत राहणे. वाचकांनी या विषयाकडे परका, तांत्रिक विषय म्हणून पाहू नये, एवढी सुरुवातीलाच विनंती आहे.

हा विषय आपल्या किती जवळ आला आहे, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एका कुटुंबाने शेगावला दर्शनाला निघण्यापूर्वी रात्री फोनवर 'भक्त निवास बुकिंग' असे शोधले. सर्वांत वर मंदिराचे छायाचित्र, 'अधिकृत' हा शब्द आणि एक मोबाईल क्रमांक दिसतो. शेजारी बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असेही लिहिलेले असते, पण घाईत ते नजरेतून सुटते. पलीकडचा माणूस 'जय गजानन' म्हणून फोन उचलतो, दोनच खोल्या उरल्याचे सांगतो आणि आगाऊ रकमेसाठी क्यूआर कोड पाठवतो. पैसे भरण्यापूर्वी पडद्यावर संस्थेचे नाही, तर एका अनोळखी व्यक्तीचे नाव उमटते. सावध होण्याची ती शेवटची जागा.

असे प्रकार देशभर घडत आहेत. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल 2025 मध्ये यात्रेकरूंसाठी खास इशारा प्रसिद्ध केला. केदारनाथची हेलिकॉप्टर सेवा, यात्रेकरूंची अतिथीगृहे, टॅक्सी आणि सहली यांच्या नावाने बनावट संकेतस्थळे आणि शोधयंत्रांवरील सशुल्क जाहिराती चालवल्या जात असल्याचे त्यात नमूद होते. पीएम-कुसुम योजनेतून सौर पंप मिळवून देतो, असे सांगत नोंदणीसाठी पैसे उकळणाऱ्या खोट्या संकेतस्थळांबद्दलही नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला वारंवार सूचना काढाव्या लागल्या. भाविक असो वा कापूस-सोयाबीनचा शेतकरी, माणूस ज्या गोष्टीच्या ओढीने शोध घेतो, तिथेच सापळा लावला जातो.

या विषयाला आता जवळजवळ पन्नास वर्षांचा इतिहास आहे. 3 मे 1978 रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी नव्या संगणकांची जाहिरात इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरील सुमारे 400 जणांना एकाच वेळी पाठवली. पहिला स्पॅम म्हणून तिचीच नोंद केली जाते. पुढे शोधयंत्रे आली. सुरुवातीची शोधयंत्रे पानावरचे शब्द मोजत, म्हणून फसवणाऱ्यांनी पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत हवे ते शब्द शेकडो वेळा भरले. 1998 मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी, एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा म्हणजे शिफारस, असे मानणारी पद्धत मांडली. लवकरच शिफारशींचाही बाजार मांडला गेला आणि एकमेकांना दुवे देणारी हजारो पोकळ पाने उभी राहिली. त्यावर 2004 मध्ये झोल्टान ग्योंग्यी, हेक्टर गार्सिया-मोलिना आणि यान पेडरसन यांनी 'ट्रस्टरँक' ही पद्धत सुचवली : आधी माणसांनी पारखलेली थोडी पाने निवडायची आणि विश्वास तिथून दुव्यांवाटे पुढे झिरपू द्यायचा. या क्षेत्राचे मर्म या क्रमात आहे. गुणवत्ता मोजण्याचे कोणतेही माप जाहीर झाले, की त्या मापाचीच नक्कल होऊ लागते.

खऱ्यात मिसळलेले खोटे वेगळे काढण्याची विद्या मराठीला नवी नाही. नकलांमागून नकला होत ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरले होते. एकनाथांनी प्रती ताडून पाहिल्या आणि शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, शुद्ध पाठ सिद्ध केला. कुणी यात आपल्या पदरची ओवी घालू नये, असेही त्यांनी बजावून ठेवले. प्रत कुठून आली, कुणी लिहिली, दुसऱ्या प्रतीशी जुळते का, हे पाठचिकित्सेचे प्रश्न आज मोबाईलच्या पडद्यावरही तितकेच उपयोगी पडतात. आपल्यामागे ही परंपरा आहे, याचा अभिमान बाळगूनच वाचकांनी या क्षेत्रात पाऊल टाकावे.

आता थोडे पद्धतीविषयी. तुम्ही नवखे असाल, तर संकेतस्थळाचा पत्ता वाचण्यापासून सुरुवात करा. आपण पत्र लिहिताना मु. पो., मग तालुका, मग जिल्हा असे लहानाकडून मोठ्याकडे जातो. संकेतस्थळाचे नावही तसेच असते. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपर्यंत या आणि तिथून मागे, उजवीकडून डावीकडे वाचा. शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असेल तर पत्ता सरकारी. पण ती अक्षरे आधी येऊन त्यांच्यापुढे आणखी एखादे नाव जोडले असेल, तर ते दुसऱ्याच तालुक्यातले पिंपळगाव समजा. ही ओळख सोपी व्हावी म्हणूनच रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये भारतीय बँकांसाठी 'बँक डॉट इन' हा राखीव पत्ता आणला. पत्त्यानंतर पैसे कुणाच्या नावावर जात आहेत ते पाहा, आणि क्रमांक दुसऱ्या मार्गाने पडताळा. तरीही फसवणूक झालीच, तर संकोच न करता तत्काळ 1930 या मदत क्रमांकावर कळवा. जितका उशीर होईल, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात.

एका प्रश्नाकडे मात्र मराठी वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. 2018 मध्ये मायकेल गोलेबिएव्स्की आणि डेना बॉइड यांनी माहितीच्या पोकळीची कल्पना मांडली. ज्या शब्दांवर चांगली पाने थोडी, तिथे खोटे पान सहज वर चढते. इंग्रजीच्या तुलनेत मराठीत अशा पोकळ्या फार आहेत. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. निंदण कितीही केले, तरी वावर पडीत ठेवले तर तण माजणारच. शोधयंत्रांनी आपल्या परीने निंदण करावे, पण पेरणी आपल्याकडेच आहे. गावच्या यात्रेची तिथी, एसटीचे वेळापत्रक, योजनेचा खरा अर्ज आणि तो कुठे मिळतो, हे नीट मराठीत आणि जबाबदारीने लिहिलेले एकेक पान फसवणुकीची तेवढी जागा व्यापते.

म्हणून या अभ्यासासाठी संगणकतज्ज्ञ हवेत, तसेच भाषेचे शिक्षक, ग्रंथपाल, बँकेतले कर्मचारी आणि सेतू केंद्रात रोज लोकांचे अर्ज भरून देणारी मुलेही हवीत. फसव्या पानावरची मराठी कुठे खटकते, कोणता शब्द आपल्याकडचा माणूस कधीच वापरणार नाही, हे त्यांना चटकन कळते. तुमच्या फोनवर आलेला एखादा संशयास्पद निकाल घ्या, त्याची नोंद करा आणि त्याचा पत्ता मागून वाचून पाहा. घरातल्या थोरांनाही तो दाखवा. स्थानकावर 'कोणते पिंपळगाव?' असे त्यांनी आयुष्यभर विचारले आहे. पडद्यासमोरही तेच विचारायचे, एवढेच त्यांना सांगायचे आहे.