कॅन्सस : शालेय निधीकपात

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात २००९ पासून सार्वजनिक शाळांच्या राज्य-अनुदानात झालेली कपात आणि तिच्यातून उभा राहिलेला ‘गॅनन विरुद्ध कॅन्सस राज्य’ हा खटला. येथील ‘शाळा-जिल्हा’ आपल्या महसुली जिल्ह्यासारखा नसतो. निवडून आलेले मंडळ चालवते अशी ती स्वतंत्र स्थानिक संस्था असते. कॅन्ससमध्ये काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे प्रशासकीय विभाग) १०५, तर शाळा-जिल्हे सुमारे २८६. त्यांच्या खर्चाचा निम्म्याहून अधिक भार राज्य उचलते. उरलेला मुख्यतः स्थानिक मालमत्ता-करातून भागतो.

१९९२ च्या कायद्याने दर विद्यार्थ्यामागे मूळ रक्कम ठरवली. गरीब घरची किंवा इंग्रजी नव्याने शिकणारी मुले हिशेबात अधिक वजनाने धरली जात. साहजिकच मूळ रकमेला कात्री लागली की अशा मुलांच्या शाळांचे नुकसान सर्वांत मोठे होई. २००८-०९ मधले ४,४०० डॉलर २०११-१२ मध्ये ३,७८० वर आले. तोवर कारण मंदीचे होते. ती ओसरल्यावर मात्र गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी २०१२ मध्ये आयकर घटवला आणि अनेक व्यवसायमालकांचे उत्पन्न करमुक्त केले. पुढची तूट सरकारने स्वतः ओढवून घेतलेली होती.

महागड्या मालमत्तांच्या भागात कर थोडा वाढवला तरी शाळेची निकड भागे. गरीब भागात त्याच दराने हाती फार थोडे पडे. ही दरी बुजवणारे राज्याचे साहाय्यही आटले. विचिटा, हचिन्सन, डॉज सिटी व कॅन्सस सिटी येथील शाळा-जिल्हे २०१० मध्ये न्यायालयात गेले.

२०१५ मध्ये वर्ष अर्धे उलटल्यावर पुन्हा कपात झाली. शिक्षकांचे करार तोवर झालेले असतात. मग वाचवायचे कशात? बसचे इंधन, विजेचे बिल, स्वयंपाकघरातला रोज. म्हणजे शाळेचे दिवसच कमी करायचे. कॉन्कॉर्डियाने सहा दिवस, तर ट्विन व्हॅली या छोट्या ग्रामीण जिल्ह्याने बारा दिवस आधी वर्ष संपवले. शाळा बंद म्हणजे शाळेतले दुपारचे जेवणही बंद, हे ताळेबंदात कुठे दिसत नाही.

मार्च २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निधी घटनेनुसार अपुरा ठरवला. सुमारे एक चतुर्थांश विद्यार्थ्यांना वाचन व गणिताची मूलभूत कौशल्येही मिळत नाहीत, असे निकालात नमूद आहे. जूनमध्ये विधिमंडळाने गव्हर्नरांचा नकाराधिकार ओलांडून करकपात मागे घेतली. वाढीव निधी २०१९ मध्ये न्यायालयाने मान्य केला, पण देखरेख सोडली ती २०२४ मध्ये. खटला दाखल झाला तेव्हा पहिलीत असलेले मूल तोवर बारावी होऊन शाळेबाहेर पडले होते.