समुद्रावरून ड्रोन उडवताना परतीचे गणित

समुद्रावर दूरवर कॅमेरा ड्रोन नेताना खरी अडचण परतीची असते. बॅटरी संपत आली तर वाटेत उतरायला जागा नसते. किनाऱ्यावर रात्री व पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. त्यामुळे ड्रोन जाताना वेगाने जातो, परतताना मात्र वारा समोरून लागतो. ड्रोनचा वेग सेकंदाला १५ मीटर आणि वाऱ्याचा ५ मीटर असल्यास ३ किलोमीटर जायला अडीच मिनिटे, तर परतायला पाच मिनिटे लागतात. म्हणजे निम्मी बॅटरी संपल्यावर वळणे उशिराचे ठरते. एक तृतीयांश संपण्याआधीच वळावे. पाण्यालगत लाटांमुळे तळाचे सेन्सर फसू शकतात, म्हणून पुरेशी उंची राखावी.